मोहोळ, मिशी आणि बघण्याचा कार्यक्रम

मधमाशी हा धडा मी हायस्कूलात पंचवीस वर्षं शिकवतो आहे. राणी, कामकरी, नर, फळ्यावर षटकोनी घरं आणि शेवटी ठरलेलं वाक्य: माशी अंगावर बसली तर हात हलवू नये, शांत उभं राहावं. परीक्षेत ह्याला दोन गुण असतात. वर्गातल्या सगळ्यात ढ पोरालाही ते मी मिळवून दिले आहेत. माझे स्वतःचे मात्र उचगावच्या रस्त्यावर गेले, आणि तेही नेमके मुलीला बघायला पाहुणे यायच्या दिवशी.

आमची मुलगी सत्तावीस वर्षांची. बेळगावातच फार्मसी कॉलेजात शिकवते. त्याआधी तिला बघायला चार घरची माणसं येऊन गेली होती. त्या चारही वेळा मी काय केलं ते आताच सांगून टाकतो. मी हसत बसलो. एका घरच्या मामांनी तिच्या चष्म्याचा नंबर विचारला, तो मी सांगितला, दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा. दुसऱ्या घरच्या बाईंनी तिला आपल्या लेकीच्या पाठीला पाठ लावून उभं केलं आणि उंची बघितली. मी म्हणालो, चप्पल काढून बघा, म्हणजे नक्की कळेल. तिसऱ्या घरची काकू म्हणाली, "जरा उजेडाकडं तोंड कर बघू, बाळ." ढगाळ दिवस होता, खिडकीतून म्हणावा तसा उजेड येत नव्हता. मी स्वतः उठलो आणि ट्यूब लावली. मुलीनं ट्यूबकडं तोंड केलं. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी यायच्या आधीच जुळवून घेतली होती.

चौथ्या स्थळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पोहे चांगले झाले होते.

पाचवं स्थळ निपाणीचं. मुलगा इंजिनिअर, वडील तंबाखूच्या वखारीत व्यवस्थापक होते ते निवृत्त झालेले, आई नाही, आत्यानं वाढवलेला. मला हे स्थळ अगदी मनापासून हवं होतं. निपाणी म्हणजे एसटीनं दीड-दोन तासांवर, पोरगी हाकेच्या अंतरावर राहील. शिवाय मुलीनं आधीच बजावलं होतं, "पप्पा, हे शेवटचं. ह्याच्यानंतर ट्रे घेऊन मी बाहेर येणार न्हाय." ती बोलते तसं करते. हा गुण तिच्या आईचा आहे, माझ्याकडून तिला फक्त चष्मा मिळाला.

रविवारी अकराला कार्यक्रम. शनिवारी संध्याकाळी बायकोनं माझ्या डोक्याला कलप लावला आणि उरलेला मिशीला फासला. त्यावर सकाळी मी मोगऱ्याचं तेल चोळलं, आणि सहा वाजता सायकल काढली.

"आज एक दिवस ऱ्हाऊ द्या की वो!" बायको दारात उभी राहून म्हणाली.

"आठच्या आत येतो," मी म्हणालो. हे वाक्य मी दर रविवारी म्हणतो आणि दर रविवारी साडेनऊला येतो, कारण आमच्या सायकल ग्रुपचा खरा व्यायाम डोशाच्या हॉटेलात होतो. रक्तातली साखर वाढलेली आम्ही नऊ माणसं. प्रत्येकाला डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. पण चालण्यात खरेदी करण्यासारखं काही नसतं. सायकलीत हेल्मेट आलं, हातमोजे आले, बसायच्या जागी स्पंज लावलेली चड्डी आली. माझे वडील वीस वर्षं उचगावाहून बेळगावच्या कॅम्पात सायकलनं भाजी घालायला जायचे. तेव्हा त्याला सायकलिंग म्हणत नसत, नड म्हणत. आता त्याच रस्त्यानं मी उलट्या दिशेला जातो, स्पंजाची चड्डी घालून, आणि हिंडलग्यातल्या चहाच्या गाड्यावरची माणसं विचारतात, "काय गुरुजी, पेट्रोल परवडंना काय?"

आमच्या ग्रुपला एक कॅप्टन आहे. धंद्यानं कंत्राटदार. दर रविवारी निघताना तो एक छोटं भाषण करतो, त्याचा शेवट असा असतो: आपल्यातल्या कुणालाही कधी मागं टाकायचं नाही. त्या दिवशीही ते भाषण झालं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

हिंडलगा मागं पडलं. उचगावच्या अलीकडं एक जुना वड आहे. कॅप्टन म्हणाला, फोटो काढू. आम्ही नऊ जण पोटं आत घेऊन वडाखाली उभे राहिलो. डोक्यावर सुपाएवढं आग्या मोहोळ लटकत होतं. ते फोटोत छान आलं आहे, मी नंतर बघितलं. तेव्हा कुणीच वर बघितलं नाही, सगळे मोबाइलकडं बघत होते.

मग एक माशी माझ्या मिशीवर येऊन बसली. कलप आणि मोगरा ह्यांच्या मिश्रणाला तिनं काय समजलं, तिचं तिला ठाऊक. पंचवीस वर्षांचा धडा मला तोंडपाठ होता. मी हात उचलला आणि थोबाडीत मारावी तशी ती माशी मिशीवरच चिरडली. चिरडलेल्या माशीच्या वासानं बाकीच्या चवताळून उठतात, हे त्याच धड्यात आहे, पानाच्या तळाशी चौकटीत. चौकटीतलं परीक्षेला येत नाही म्हणून मी शिकवत नाही.

त्यानंतर जे उठलं ते मी सांगू शकणार नाही. आवाज आधी आला. कुणाला मागं न टाकणारा आमचा कॅप्टन सगळ्यांच्या आधी सायकलीवर बसला आणि दिसेनासा झाला. आयुष्यातला सगळ्यात वेगवान किलोमीटर त्यानं त्या सकाळी मारला. संध्याकाळी त्यानं तो ग्रुपवर टाकलाही, आणि सात जणांनी अंगठे दाखवले. मी गळ्यातला टॉवेल गरगर फिरवत उलट्या दिशेनं रताळ्याच्या शेतात पळालो. टॉवेल फिरवल्यानं माशा जातात, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

शेतात एक म्हातारी आक्का रताळी काढत होती. तिनं मला बघितलं, ओरडली, "बसा खाली! हात हलवू नगा, बसा!" मी मातीत तोंड खुपसून बसलो. तिनं दोन रिकामी पोती माझ्यावर टाकली आणि एक स्वतःवर घेऊन शेजारी बसून राहिली. पोत्याच्या आत अंधार, मातीचा वास आणि माझं कण्हणं. बऱ्याच वेळानं आवाज कमी झाला तेव्हा तिनं पोतं उचललं आणि विळ्याच्या पाठीनं माझ्या तोंडावरचे काटे खरवडून काढले. एकेक मोजून. सतरा निघाले. मग चंचीतला चुना काढून सतरा ठिकाणी लावला.

"शिकल्याली माणसं तुमी," ती म्हणाली, "मोहळाखाली हुबं ऱ्हातासा व्हय?"

"मी विज्ञानाचा शिक्षक आहे," मी म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

"मग न्हाय ठाऊक असायचं," ती म्हणाली, आणि बाजारला निघालेल्या टेम्पोला हात केला.

वाटेत हिंडलग्याच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. मी आणि माझी सायकल रताळ्याच्या पोत्यांवर बसून घरी आलो. साडेनऊच झाले होते. बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पायजे?"

मी बोललो तेव्हा तिनं आवाजावरून ओळखलं. एक डोळा मिटला होता, वरचा ओठ वड्यासारखा फुगला होता आणि त्यावर कुळकुळीत काळी मिशी होती. मुलीनं आधी श्वास लागतोय काय ते विचारलं, नाडी बघितली, गोळी दिली, चुना पुसला. मग बायकोनं कपाळाला हात लावला.

"आत पडून ऱ्हावा तुम्ही," ती मला म्हणाली. "मी सांगते, शाळेच्या कामानं धारवाडला गेलेत म्हणून."

"पप्पा बाहेर बसणार असतील तरच मी ट्रे घेणार," मुलगी म्हणाली.

"अगं, तोंड बघ त्यांचं!"

"बघायलाच येताहेत की लोक."

मला भरून आलं. बापाच्या ह्या अवस्थेतही तिला तो शेजारी हवा होता. डोळ्यांत पाणी आलं. मिटलेल्या डोळ्यातूनही आलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, सुजलेल्या मानेवर कॉलरचं बटण कसंबसं लावलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

अकराला निपाणीकर आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. मुलगा दिसायला बरा, अंगावर आकाशी शर्ट. मुलगी ट्रे घेऊन आली, नमस्कार झाला, पण आत्याची नजर माझ्यावरून हलेना.

"हे जन्मापासनं हाय काय?" तिनं विचारलं.

"न्हाय वो," बायको म्हणाली, "सकाळी माशा चावल्या, सायकलवरनं गेलते तवा."

"माशांनी एवढं हुतंय?" आत्यानं पोह्याची प्लेट खाली ठेवली. "घरात आणि कुणाला हाय काय असलं? भावाला, वडलांना?"

"डोळा उघडंल न्हवं परत?" मुलाचे वडील म्हणाले. "नंबर किती हाय डोळ्याचा?"

मला उत्तर द्यायचं होतं. ओठ हलत नव्हता, आणि गोळीची गुंगी चढत होती. मी नुसता हसलो. हसल्यावर बहुतेक आणखी वाईट दिसलो असणार, कारण आत्या खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "जरा उजेडाकडं तोंड करा बघू, भाऊ."

मी वाट बघितली. कुणीतरी म्हणेल, राहू दे आत्या, त्यांना त्रास होतोय. मी एका डोळ्यानं मुलाकडं बघितलं. तो पोह्यातले शेंगदाणे चमच्यानं एका बाजूला करत होता.

मग आमची मुलगी उठली. भिंतीपाशी गेली आणि तिनं ट्यूब लावली. परत येऊन आपल्या जागी बसली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

मी ट्यूबकडं तोंड केलं. दुसरं काय करणार? किती वेळ तोंड वर धरायचं, हसायचं की नाही, नजर कुठं ठेवायची, हे असल्या वेळी कुणी सांगत नाही. लाज वाटत होती. रागही येत होता, पण तो काढायचा कुणावर ते कळत नव्हतं. ही तीच खुर्ची होती. तिसऱ्या स्थळाच्या वेळी मुलगी ह्याच खुर्चीत बसली होती आणि मी समोर बसून पाहुण्यांना साखर किती विचारत होतो.

आत्यानं नीट बघून घेतलं. माझी मान दोन्हीकडं वळवायला लावली. मुलीला त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही, बघण्याचा सगळा वेळ माझ्यावरच खर्च झाला.

तिसऱ्या दिवशी निपाणीहून फोन आला. मुलगी पसंत आहे. फक्त वडिलांना एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या, आत्याच्या मनाला रुखरुख लागून राहिलीय. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. मी मुलीला हाक मारली.

"मला न्हाय पसंत," ती म्हणाली.

"आत्यामुळं काय? म्हातारी बाई ती."

"आत्या बोलणारच. तो गप्प बसला, पप्पा. समोर काय चाललंय ते दिसत हुतं त्याला."

"मोठ्यांच्या पुढं कसं बोलायचं म्हणून बसला असेल," मी म्हणालो. "पाहुण्यांचं मन राखावं लागतं. पद्धत आहे. तसा वाईट नसतोय माणूस."

ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. बोलता बोलता मी थांबलो. मी वकिली कुणाची करतोय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"त्या काकूंच्या वेळची ट्यूब," मी म्हणालो, "मी लावलीती."

"ठाऊक हाय," ती म्हणाली, आणि माझा रिकामा कप उचलून आत गेली.

नकार ऐकायची मला सवय होती, द्यायची नव्हती. पत्रिका पुढं करावी, असं एकदा मनात आलं. मग मी निपाणीला फोन लावला आणि मुलीला पसंत नाही असं सांगितलं.

"का वो?" मुलाचे वडील म्हणाले. "काय कमी हाय पोरात?"

"मुलगा गप्प बसला," मी म्हणालो.

 मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सूज उतरली काय, गुरुजी?"

"अजून थोडी आहे," मी म्हणालो.