थोरली, धाकटी आणि ताई

टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभी हयात घालवलेल्या ताईंना दिसत नाही, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागतो. लहानपणीच्या तापात डोळे गेले, पण कान असे तयार झाले की साहेबांच्या नुसत्या खाकरण्यावरून आज कोणाची खरडपट्टी निघणार हे त्यांना कळायचं. आता त्या निवृत्त होऊन दोन खोल्यांत एकट्या राहतात. कॉम्प्युटरवर पुस्तकं ऐकतात, पत्रं लिहितात, बिलं भरतात. रस्त्यात कुणी न विचारता हात धरलाच, तर "मला पलीकडे जायचंच नाहीये" म्हणून त्याची फिरकी घेतात.

त्यांना पुरून उरलेला माणूस एकच, धाकटा भाऊ. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा, टक्कल पडलेला, तरी ताईंच्या लेखी बाळ्याच. ताईंचा कॉम्प्युटर जरा कुरकुरला की हा हजर. "तू बस गं, मी करतो." हे ऐकलं की ताईंचं डोकं फिरतं, पण त्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून त्या बसतात.

यंदा बाळ्यानं दुकान लांबच्या शहरात, लेकीजवळ हलवायचं ठरवलं आणि ताईंनीही सोबत यावं असा हट्ट धरला.

"कॉम्प्युटर बंद पडला तर कोण बघणार इथे?"

"मी बघीन."

"ताई, कधी कधी कॉम्प्युटर चालवणारी अख्खी सिस्टिमच नव्यानं टाकावी लागते. ते काय फोन जोडणं आहे?"

हे झोंबलं. ताईंनी पैजच लावली. सिस्टिम पुसून नवी टाकून दाखवीन, एकटीनं. जमलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर बोचकं बांधून तुझ्या मागे येईन.

रविवारी दुपारी बाळ्या दोन पेनड्राइव्ह घेऊन आला. दोन्हींवर फुकट मिळणाऱ्या, कुणीही आतून उघडून बघाव्यात अशा सिस्टिम होत्या, आणि दोघी एकाच घरातल्या. थोरली आधीची, तिच्यातूनच पुढे धाकटी घडली. दुकानात बाळ्या सगळ्यांना धाकटीच टाकून देतो. "गोड आहे ती. चार ठिकाणी क्लिक केलं की काम फत्ते. थोरली खाष्ट. प्रश्न विचारून विचारून जीव खाते."

ताईंनी गोड धाकटीपासून सुरुवात केली. आता धाकटी जागी झाली हे डोळ्यांना दिसतं, कानांना ती काहीच सांगत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज सुरू करायची बटणं ताई अंदाजानं दाबत राहिल्या, तेव्हा कुठे ती बोलती झाली. मग गाडी सुसाट निघाली. भाषा झाली, घड्याळ झालं. पण सिस्टिम कुठल्या डिस्कवर टाकायची ते निवडायचं पान आलं आणि बाईसाहेबांची वाचाच बसली. "बटण," म्हणाली. पुन्हा "बटण". कसलं बटण, ते नाहीच. पडद्यावर म्हणे सुरेख रंगीत पट्ट्या होत्या.

बाळ्याची खुर्ची करकरली. "मी सांगू का?"

"खाली बस. थोरली दे."

थोरली लावली आणि यंत्रातून एक बारीकशी शिट्टी आली. मी जागी आहे, बोला आता. ताईंचा चेहरा उजळला. आधीच माहिती काढून ठेवलेलं एक अक्षर त्यांनी दाबलं आणि थोरली बोलू लागली. एक प्रश्न, त्याची क्रमांक घातलेली उत्तरं, मग गप्प. ताईंनी आकडा दाबावा, की पुढचा प्रश्न. जगाला जी कटकट वाटते, ती ताईंना नोकरीतल्या फोन जोडायच्या बोर्डासारखी वाटली. कोण बोलतंय, कुठे जोडू, थांबा, जोडते.

डिस्कचा प्रश्न आला. नावं दोन होती, एक आतल्या डिस्कचं आणि एक पेनड्राइव्हचं. ताईंनी जुनी सवय पाळली: जोडण्याआधी नंबर परत ऐकायचा. दोन्हींचे आकार ऐकले, पुन्हा ऐकले. मोठी ती आपली. त्यांनी आकडा दाबला. बाळ्याचा रोखलेला श्वास सुटला तो त्यांना ऐकू आला, आणि त्या मनातल्या मनात हसल्या.

शेवटी थोरली म्हणाली, झालं, पेनड्राइव्ह काढा. बाळ्याचे हात मघापासून शिवशिवत होतेच. त्यानं चटकन मागे हात घालून पेनड्राइव्ह उपटला. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि आवाजच नाही.

ताई थांबल्या. अजून थोड्या थांबल्या. यंत्राचा पंखा घरघरत होता, थोरली मुकी. आपल्या खोल्या, पायांना पाठ असलेला जिना, खिडकीतून हाक मारणारी शेजारीण, सगळं हातचं चाललं असं त्यांना वाटलं.

"जाऊ दे ताई," बाळ्या मऊ आवाजात म्हणाला. "पुष्कळ केलंस."

त्या मऊपणानंच ताई भानावर आल्या. लाइन मेली की आधी वायर बघायची, यात आयुष्य गेलेलं. त्यांनी यंत्रामागे एकेक पिन चाचपली. पेनड्राइव्हची जागा रिकामी होती. शेजारची, स्पीकरचीही रिकामी. वायर टेबलामागे लोंबत होती.

"बाळ्या, ही कुणी काढली?"

पेनड्राइव्ह टेबलावर ठेवल्याचा टक् आवाज आला.

ताईंनी पिन बसवली, यंत्र पुन्हा सुरू केलं. थोरलीनं खणखणीत आवाजात त्यांचं नाव आणि पासवर्ड विचारला.

बाळ्या म्हणाला, "तिकडची खोली मी तुझ्यासाठी रंगवून घेतली होती."

"कुठला रंग?"

"पिवळा. तुला तेवढा एकच आठवतो म्हणतेस ना."

ताईंना गलबलून आलं. त्यांनी चाचपत त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"येईन की त्या खोलीत राहायला," त्या म्हणाल्या, "पाहुणी म्हणून. पण तिथे माझ्या वायरीला कुणी हात लावायचा नाही."