तुटक्या शाफ्टवर बेंबळी ते धाराशिव

आधीच सांगून टाकतो — मी गाड्यांचा मिस्त्री आहे, भुताखेतांचा नाही. या सदरात दर वेळी कुणाला ना कुणाला रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई भेटते आणि मी ते बायकोला वाचून दाखवून हसतो. माझ्या गॅरेजात ना ताबीज, ना लिंबू-मिरची. गाडी बंद पडली तर तिला कारण असतं आणि ते कारण हाताला लागतं. सगळी हयात याच हिशेबानं काढली. तरी एक गोष्ट आहे... बायको म्हणाली, लोकांचं वाचून हसता ना, आता तुमचंही लिहा, लोकांना हसू द्या. म्हणून लिहितोय.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. जर्मन-जपानची मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. लढाईत मी फौजेच्या मोटारखान्यात काम शिकलो आणि गावी, बेंबळीला, परत आलो. माझी अम्मा गावची दाई. हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं.

गावात मोटार एकच, अप्पांची. अप्पा म्हणजे लिंगायत व्यापारी, करडीच्या तेलाचा घाणा होता त्यांचा. त्यांनी दिवाळीला सोलापूरहून छोटी लॉरी आणली — पुढं दोघा-तिघांपुरती केबिन, मागं उघडा हौदा. आता तिला पिकअप म्हणतात. कोरी करकरीत गाडी, आणि संक्रांत यायच्या आत ती मागून रडायला लागली. गाडी जरा पळाली की मागच्या चाकांच्या मधून उंऽऽ असा बारीक सूर.

तिथं एक लोखंडी गोळा असतो, आत दातेरी चाकं. इंजिनाचा जोर लांब दांड्यानं त्या गोळ्यात येतो आणि तिथून डावा-उजवा असे दोन शाफ्ट तो जोर मागच्या दोन चाकांना देतात. मी गोळ्याचं बूच काढून बोट घातलं, वास घेतला आणि डोक्यात तिडीक गेली.

"अप्पा, यात काय घातलंय तुम्ही?"

"तेल."

"कसलं?"

"आपल्याच घाण्याचं. ते कंपनीचं काळं पाणी टाकलं काढून. लई घाण वास मारत होतं."

करडीचं तेल! भाकरी-चटणीवर घ्यायचं तेल या माणसानं गाडीच्या बुडात ओतलं होतं. ते तापून-निवून वाळलं की कढईच्या कडेला कसा पिवळा चिकट राप बसतो, तसा आत दातांवर बसला होता. मी नको नको ते बोललो. अप्पा शांत. "माझं तेल खाऊन माणसं म्हातारी होतात, गाडीला काय धाड भरली?"

मी गिअर-ऑइल आणायला सोलापूरला गेलो. तेव्हा तेही सहजी मिळायचं नाही, दोन-चार ठिकाणी हात पसरावे लागले. मी तिकडं असताना इकडं अप्पांनी लॉरीत करडीची पोती दाबून भरली. गावाबाहेर धाडकन आवाज झाला आणि गाडी जागेवर. पोती उतरवली, बैल लावून तिला घाण्यापुढं ओढून आणली. आठवडाभर तिथंच उन्हात उभी होती.

आल्या आल्या मी खाली शिरलो. इंजिन ठीक. गिअर पडत होता. अप्पांना केबिनमध्ये बसवून गिअर टाकायला लावला, तर लांब दांडा छान फिरत होता, चाकं मात्र ढिम्म. मग इंजिन बंद करून गिअर तसाच ठेवला, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि डावं चाक हातानं फिरवलं. एक फिरवलं की दुसऱ्यानं उलटं फिरायला हवं. डावं फिरलं, उजव्याला पत्ताच नाही. म्हणजे शाफ्ट तुटला. आणि एक तुटला की धड असलेल्या चाकालाही जोर मिळत नाही, सगळा जोर त्या तुटक्या बाजूनं वाया जातो. अप्पांना सांगितलं, नवा शाफ्ट आल्याशिवाय ही गाडी हलायची नाही. आणि खोलायला पाना लावला.

तेवढ्यात अम्मा अप्पांच्या घरातून पळत आली. तिला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अप्पांची सून गंगा पहाटेपासून अडली होती. पहिलंच बाळंतपण. नवरा लातूरच्या बाजाराला गेलेला. अम्मा अप्पांना म्हणाली, "लेकरू आडवं हाय. माझ्या हातानं व्हायचं न्हाय. धाराशिवला डाक्टरकडं न्या, आत्ताच्या आत्ता. बैलगाडीनं दिवस मावळंल, तवर दोघंबी राहायची न्हाईत."

मग माझ्याकडं वळली. "बशीर, गाडी निकाल."

"अम्मा, शाफ्ट टूटा है. नै चलती."

"खोल को देखा?"

"नै देखा. हात को मालूम है."

"मेरे हात को बी मालूम है," ती म्हणाली. "आज दोनों में से एक का हात गलत निकलना होना. तेरा निकलने दे."

अप्पांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. म्हणाले, "एकडाव गिअर टाकून बघ, बाबा. न्हाय गेली तर बैल हायतच."

मला राग आला होता. गाडी जात नाही हे एकदा सगळ्यांना दिसू दे, म्हणजे बैल तरी जुंपतील, या विचारानं मी जॅक उतरवला. इंजिन चालू केलं, गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी चालायला लागली.

खोटं कशाला सांगू, पहिल्या झटक्याला मला वाईटच वाटलं. एवढ्या लोकांपुढं माझं निदान चुकलं म्हणून. मग घरातून गंगाचं कण्हणं ऐकू आलं आणि मला माझीच लाज वाटली.

हौद्यात गाद्या टाकून गंगाला निजवलं. अम्मा तिच्या उशाशी, अप्पा माझ्या शेजारी. रस्ता कच्चा, दगडगोट्यांचा. पण चाकांमधला तो रडका सूर नाही, धक्का नाही. ओढ्यातल्या वाळूतून ती निघाली. धाराशिवच्या अलीकडं चढ आहे, तिथं मी श्वास धरला. लॉरी चढ चढून गेली. मागून अम्माचा आवाज येत होता, "थोडंच राह्यलंय माय, थोडंच." मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की नंतर बोटं सरळ होईनात.

दवाखान्याच्या दाराशी थांबलो. गंगाला आत नेलं. अप्पा लिंबाखाली गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसले. मी गाडीभोवती उगाच घिरट्या घालत होतो. बऱ्याच वेळानं अम्मा बाहेर आली, हात पुसत. "पोरगी झाली, अप्पा. मायलेकी दोघी बऱ्या हायत." अप्पा धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. मीही रडलो.

मग दवाखान्याचा शिपाई आला, म्हणाला, लॉरी दारातून बाजूला घ्या. मी बसलो. इंजिन चालू, गिअर टाकला, क्लच सोडला... काही नाही. लांब दांडा फिरतोय, चाकं ढिम्म. चार माणसांनी ढकलून बाजूला केली.

सकाळी तिथंच खोललं. उजव्या चाकातून शाफ्ट ओढला तर हातात आला निम्मा. उरलेला तुकडा आत. तुटलेल्या दोन्ही तोंडांवर करडीच्या तेलाचा राप वाळून बसलेला. म्हणजे तो आधीच्या दिवशी तुटला नव्हता, पोती भरली तेव्हाच तुटला होता. बरं, तुटकी तोंडं एकमेकांवर घासली असती तर राप खरवडून निघाला असता. त्याच्यावर साधा ओरखडा नव्हता.

माझं निदान बरोबर होतं. अडचण आहे ती इथंच.

सोलापूरचे मिस्त्री म्हणाले, तेलाच्या चिकट्यानं दोन तुकडे चिकटले असतील. मी तेही करून पाहिलं. तेच तेल लावून तुकडे जोडले, उन्हाळाभर पत्र्यावर वाळवले आणि पिळले. हातानं सुटले. चार माणसांनिशी गाडी त्या चिकट्यानं चढावर ओढली म्हणणाऱ्यानं समोर येऊन दाखवावं.

अम्माला एकदा विचारलं, "वाटेत तू 'थोडंच राह्यलंय' म्हणत होतीस, ते गंगाला की गाडीला?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जो सुन रहा था, उसको."

अम्मा आता नाही, अप्पाही नाहीत. ती पोरगी तेर गावच्या शाळेत शिकवते. ईदला शिरखुर्मा प्यायला येते, मी भिंतीवर टांगून ठेवलेले शाफ्टचे ते दोन तुकडे उतरवून एकमेकांना लावून बघते आणि विचारते, "चाचा, मग गाडी चालली कशी?" मी सांगतो, म्हाईत न्हाय. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर कळवा, मी खरंच वाट बघतोय.

एवढं मात्र झालं. तेव्हापासून कुठल्याही गाडीला 'हलायची नाही' म्हणण्याआधी मी जॅक उतरवून एकदा गिअर टाकून बघतो. गॅरेजातले हसतात. शाफ्ट तुटलेला असतो, गाडी जात नाही. जायलाच नको, मला ते कळतं. पण क्लच सोडताना दर वेळी मी श्वास धरतो.