आमचे साडू आणि बूस्टचा काटा

या जगात कुठल्याही गोष्टीला पुरेसा दाब आहे, असं आमच्या साडूंना आजवर एकदाही वाटलेलं नाही. नळाचं पाणी असो, गॅसची शेगडी असो, नाहीतर वरातीतला बँड असो, साडू एक कान तिरका करतात, क्षणभर ऐकतात, मान हलवतात आणि निकाल देतात, "प्रेशर न्हाय." कसबा बावड्याला त्यांच्या घरी तुम्ही गेलात तर चपला काढेपर्यंत ते तुमच्या मोटारसायकलचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून आलेले असतात. "या, बसा" नंतर. आधी "मागं हवा कमी हाय." एकदा आम्ही जेवत असताना शेजारच्या घरात कुकर वाजला. साडूंचा घास तोंडाशीच थांबला. "ही शिट्टी न्हवं, हा उसासा हाय," असं म्हणून ते उष्ट्या हातानं उठले, भिंतीपलीकडे गेले आणि कुकरची रिंग हातात घेऊन विजयी मुद्रेनं परतले. आमचं जेवण झालं. शेजारची मंडळी वरण शिजायची वाट बघत बसली.

साडू हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. दाबाचा धडा ते शाळा उघडली की सुरू करायचे आणि दिवाळीचा फराळ संपला तरी तो चालूच असायचा. प्रकाश, ध्वनी वगैरे किरकोळ प्रकरणं मुलांनी आपापली घरी वाचायची. त्यामुळे त्यांचे विद्यार्थी आजही आरशाचं काम कसं चालतं ते सांगू शकत नाहीत, पण फुगा नेमका कुठं फुटणार यावर पैज लावतात. साडूंचं सगळं तत्त्वज्ञान दोन वाक्यांत मावतं. "दाब कधी कमी नसतो. कुठंतरी गळती असती, ती शोधाय लागती."

खरं तर त्या घरात पुरेशा दाबाची एक गोष्ट होती, आणि नेमकी तीच साडूंच्या कधी ध्यानात आली नव्हती. ती म्हणजे आमच्या आक्कांचं हसणं. आक्का म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, साडूंची बायको. त्यांच्या हसण्याला आधी आवाजच नसतो. नुसते खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत दूध उतू जावं तसं ते एकदम बाहेर पडतं. मग कुणालाच आवरत नाही. लेक लग्न होऊन बंगळूरला गेली तसं ते हसणंही तिच्या बॅगेतनं गेलं असावं. घरात दिवसभर फक्त साडूंचा आवाज आणि नळाची पिरपिर.

तर अशा एका रविवारी आम्ही चौघं साडूंच्या जुन्या डिझेल गाडीतून पन्हाळ्याला पिठलं-भाकरी खायला निघालो होतो. वाघबीळ मागं पडलं, चढ लागला आणि गाडी धापा टाकायला लागली. मागून एक दुधाचा टेंपो रिकामे कॅन खडखडवत आला, आमच्या शेजारी आला आणि ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. तो साडूंचाच जुना विद्यार्थी निघाला.

"सर, ढकलू काय वाईच?"

आणि टेंपो गेला पुढं. मग पुढच्या सीटवरचे आक्कांचे खांदे हलायला लागले. पन्हाळ्याचा नाका येईस्तोवर त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या, मागं आमची ही त्यांना साथ देत होती, आणि साडू स्टेअरिंगवर ताठ बसून समोरच्या टेंपोचा नंबर पाठ करत होते. वर पोचल्यावर त्यांनी पिठल्याचं ताट बाजूला सारलं आणि मला कठड्यापाशी नेलं.

"त्या पोराचं सोडा. पण ही हसली हो! माझ्यावर! ह्या घाटात हिचं हसणं बंद केल्याबिगर पिठल्याला हात लावणार न्हाय."

दुसऱ्याच आठवड्यात साडूंनी उद्यमनगरातल्या एका फिटरकडून गाडीला मोठा टर्बो बसवून घेतला. टर्बो म्हणजे काय हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की आता मी झोपेतही सांगेन. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुरानं एक पंखा फिरतो, त्याच्या जोरावर दुसरा फिरतो, आणि तो दुसरा इंजिनात हवा कोंबतो. त्या कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. तो दाखवणारा एक गोल काटा साडूंनी डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी बसवला. नारळ फोडला. आक्कांना सन्मानानं पुढं बसवलं. आणि घाटात तो काटा जो अर्ध्यावर जाऊन आडवा झाला, तो उठेचना. टेंपो आलाच.

"सर, नवीन कायतरी बसवलासा म्हणं! हॉर्न हाय काय?"

आक्का त्या दिवशी खाली उतरल्यावरसुद्धा हसत होत्या.

फिटरनं हात झटकले. "सर, टर्बो नवा हाय, फिरतोय बी झकास. पाईप तुम्ही आणलासा, तेवढं तुमचं तुम्ही बघा." झालं! साडूंच्या अंगणात गळतीचा तपास सुरू झाला आणि त्यात माझी नेमणूक ॲक्सिलरेटरवर झाली. साडू बागेच्या पाईपचं एक टोक कानात आणि दुसरं इंजिनात घालून "वाढवा!", "सोडा!", "श्वास घेऊ नका, ऐकू येत न्हाय!" असं ओरडत होते. फिल्टर उघडून झाडला. काट्याची नळी तपासली. सगळ्या पायपांना रिठ्याचं पाणी फासलं, पण एक बुडबुडा येईल तर शपथ! गाडी उभी असताना टर्बो हवा कोंबतच नाही, मग बुडबुडा कशाचा येणार, हे साडूंच्या ध्यानात आलं तोवर गाडीला न्हाऊ घालून झालं होतं.

मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. आक्कांच्या देवघरातलं धुपाटणं आणलं, त्यावर नरसाळं उपडं घातलं, नरसाळ्याचं तोंड एका पायपानं इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडलं आणि सायकलचा पंप माझ्या हातात दिला. जिथून धूर बाहेर येईल तिथं गळती. मी पंप मारतोय, धुपाचा वास गल्लीभर पसरलाय, साडू बॉनेटपुढं हात जोडल्यासारखे वाकलेत. शेजारची कुकरवाली बाई डोक्यावर पदर घेऊन आली, गाडीला नमस्कार केला आणि विचारलं, "आरती झाली व्हय?"

आणि तेवढ्यात एका जोडातून धुराचं एक सुरेख वेटोळं वर आलं. जोड होता हिरव्या पायपाचा. उसाला पाणी पाजायला नदीत मोटारीचा जो सक्शन पाईप सोडतात, त्याचाच हा तुकडा साडूंनी कुणाच्यातरी मळ्यातून आणला होता. "पंचगंगा वर ओढतोय हा, हवा काय चीज हाय!" हा त्यांचा युक्तिवाद. त्या पायपाला बाहेरून वळ्या असतात. पाईप आवळणारा क्लॅम्प वळ्यांवर बसलेला, आणि मधल्या फटींतून सगळा बूस्ट बावड्याच्या हवेत.

आक्का दारातून बघत होत्या. "अवं, ओढायचा पाईप ढकलाय लावलासा?" एवढंच म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसून हसल्या.

नवा, जाड रबराचा पाईप आला. क्लॅम्प साडूंनी असा आवळला की स्क्रू-ड्रायव्हर कण्हला. आणि पुढच्या रविवारी, मंडळी, काय सांगू! वाघबीळ सुटलं, काटा सरसर वर चढला, आमच्या पाठी सीटला चिकटल्या आणि तो टेंपो, ते कॅन, ते बाहेर काढलेलं मुंडकं, सगळं एका झटक्यात मागं पडलं. "बघितलंस का गं? बघितलंस?" साडू गरजले. आक्कांनी काहीच बघितलं नव्हतं. त्या दोन्ही हातांनी दांडा धरून, डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. वर साडूंनी पिठल्याचं ताट चाटूनपुसून साफ केलं. आक्कांनी नुसता चहा घेतला.

त्यानंतरच्या रविवारी आक्का म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मला पापड लाटायचं हायत." पुढच्या रविवारी पापड वाळवायचे होते, आणि आमची ही त्यांच्या मदतीला. गाडी घाटात भन्नाट पळायची, पण गाडीत आम्ही दोघं बाप्येच. साडूंनी नवसाचा काटा मिळवला होता, टेंपो हरला होता, घाटातलं हसणं बंद झालं होतं. एके दिवशी मी गेलो तर साडू सोप्यात बसून स्वयंपाकघराकडे कान तिरका करून होते.

"काय ऐकताय?"

"काय न्हाय."

"मग?"

"तेच की. काय न्हाय."

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. चौघं जायचं, हळू चालवणार आहे म्हणून तुम्हीच आक्कांना सांगा, माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. वाघबीळला चहाला थांबलो तेव्हा मी हौसेनं बॉनेट उघडलं. आता मलाही थोडं कळायला लागलंय. बघतो तर त्या जाड पायपाचा क्लॅम्प चांगलाच ढिला, अंगठ्यानं फिरेल एवढा. मी स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला वळलो तर साडू मागं उभे.

"हात लावू नका."

"अहो साडू, गळती!"

"म्हाईत हाय मला," असं म्हणून त्यांनी बॉनेट हलकेच खाली केलं.

चढ लागला. गाडी धापा टाकायला लागली. मागून कॅनचा खडखडाट आला, शेजारी आला, मुंडकं बाहेर आलं. "सर! ढकलू काय वाईच?" पुढच्या सीटवरचे खांदे हलायला लागले. काटा अर्ध्यावर आडवा पडला होता आणि साडू त्याच्याकडे बघतही नव्हते. ते मधल्या आरशात बघत होते. मागून मला त्या आरशात मागचा रस्ता दिसायला हवा होता, पण आरसा त्यांनी कधीतरी डावीकडे वळवून ठेवला होता. त्यात पदर तोंडात कोंबलेल्या आक्का दिसत होत्या.