चुकलं तर मी आहे

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात कापणी विभागाचं टेबल छत्तीस फूट लांब होतं आणि त्याच्या डोक्याशी मास्तर सव्वीस वर्षं उभे होते. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, खडूनं रेघा ओढायच्या आणि मशिनच्या पात्यानं साठ बाह्या एका दमात कापायच्या. रेघ चुकली की साठच्या साठ बाह्या गेल्या. मास्तरांची रेघ चुकत नसे. बायको म्हणायची, "यांना माणसं ओळखता येत नाहीत, पण कापडातला दोरा कुठे तिरका गेलाय ते दारातून कळतं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापड धरायला त्यांचा मेहुणा असे, बायकोचा धाकटा भाऊ. मास्तरांनीच त्याला इथे चिकटवला होता. दिवसाला चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत.

मग नवे साहेब आले. कुठलंसं शिबिर करून आले होते. दर सोमवारी सकाळी ते सगळ्यांना टेबलाभोवती गोळा करत. "कल्पना तुमच्या डोक्यात असतातच. वरिष्ठानं फक्त भीती काढायची असते. बोला, करून बघा. चुकलं तर मी आहे." बोलणं खोटं नव्हतं, असा माणूस भेटला असता तर विभागाचं सोनं झालं असतं. कोणी काही सुचवलं की ते टाळ्या वाजवायला लावत, म्हणून महिन्याभरात त्यांचं नाव टाळीसाहेब पडलं.

मास्तरांच्या डोक्यात एक गोष्ट पंधरा वर्षं पडून होती. कारखान्यात सगळे फर्मे एकाच दिशेला मांडायची पद्धत. त्यातले निम्मे उलटे ठेवले, तर एकाची अरुंद बाजू दुसऱ्याच्या रुंद बाजूशेजारी बसते आणि वाया जाणारी कातरण बरीच कमी होते. आधीच्या कुठल्याच साहेबानं विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. यांनी विचारलं. मास्तरांनी फर्मे मांडूनच दाखवले आणि शेवटी म्हणाले, "फक्त लवीच्या कापडाला हे नको."

शेवटचं वाक्य टाळ्यांत गेलं. आठ दिवसांत दारापाशी फळा लागला. वर 'विभागाचा नवा विचार', खाली मास्तरांचा फोटो, त्याखाली 'उलटसुलट मांडणी: कल्पना मास्तरांची'. मास्तर येता-जाता त्याच्याकडे बघत नसल्यासारखं करत. कातरणीची पोती आठवड्याला अकरावरून सातवर आली.

तिसऱ्या महिन्यात चारशे कोटांचं काम आलं. कापड कॉर्डरॉय, मखमलीसारखी लव असलेलं. वरून खाली हात फिरवला तर उजळ, खालून वर फिरवला तर काळपट. त्यात दोन तागे कमी आले. साहेब टेबलापाशी आले.

"उलटसुलट मांडा, बसेल."

"साहेब, लव आहे. एक बाही उजळ आणि एक काळी दिसेल."

साहेबांनी ट्यूबलाइटच्या उजेडात कापड बघितलं. "मला तर एकच दिसतंय. मास्तर, फोटो लागला आणि तुम्हीच मागे ओढायला लागलात? चुकलं तर मी आहे, म्हटलं ना."

मशिन बंद होती. समोर घुम्या कापडाचं टोक धरून उभा होता. मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारायला टेबलापाशी येत होतं, आणि त्या माणसाला नाराज करायला त्यांची जीभ उचलली नाही. त्यांनी खडू उचलला.

कोट दुकानात गेले आणि काचेपाशी, दिवसाच्या उजेडात टांगले गेले. बाराव्या दिवशी सगळे परत आले. कारखान्याच्या मालकांनी एक कोट विभागाच्या दारातल्या पुतळ्याला घातला.

"एक बाही याची नवी आणि एक थोरल्या भावाची वापरून उतरलेली. ही अक्कल कोणाची?"

साहेब वळले. त्यांनी फक्त फळ्याकडे बघितलं. मालकही वळले आणि सावकाश वाचू लागले.

"कल्पना माझी," मास्तर म्हणाले, "पण लवीला नको असं मी म्हटलं होतं. साहेबांना. इथेच."

"आणखी कोणी ऐकलं?"

मास्तरांनी घुम्याकडे बघितलं. घुम्या परत आलेला एक कोट घडी करत होता. घडी नीट झाली, तेव्हा म्हणाला, "मशिन चालू होती. मला काही ऐकू आलं नाही."

रविवारी दुपारी मास्तरांनी बायकोला सांगितलं, "तुझ्या भावाला विचार, मशिन चालू होती का."

"विचारलं. म्हणाला, ताई, बंद होती."

"मग?"

"मग काय. त्याची पोरं लहान आहेत. तुमची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. जेवून घ्या."

साहेबांनी कागद पुढे केला: लवीचं कापड विचारल्याशिवाय उलटं कापलं. सही केली तर गठ्ठे बांधायच्या कामावर राहता येईल, नाहीतर घरी. मास्तरांनी सही केली. टेबलाचं डोकं घुम्याला मिळालं, आणि मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसून, कातरणीच्या पट्ट्यांनी, कापलेल्या बाह्यांचे गठ्ठे बांधू लागले. सव्वीस वर्षांनी बसायला मिळालं. "मास्तर" अशी हाक आली की त्यांची मान वर व्हायची, आणि टेबलापाशी उभा घुम्या "ओ" द्यायचा.

सोमवार चालूच राहिले. "मागचं विसरा," साहेब म्हणत. "इथे चुकायची मुभा आहे." सहा सोमवार कोणी तोंड उघडलं नाही. वर पाठवायच्या अहवालात 'नवा विचार' हा रकाना रिकामा जाऊ लागला आणि साहेबांचा आवाज चढू लागला.

सातव्या सोमवारी कोपऱ्यातून मास्तरांनी हात वर केला.

"माझं नाही, साहेब. आमच्या मेहुण्याकडे एक आहे. मागे घरी बोलला होता. लाजतो बिचारा."

सगळ्यांच्या माना घुम्याकडे वळल्या.

"साठऐवजी नव्वद थर अंथरायचे. एका कापणीत दीडपट काम."

साहेबांचे हात टाळीसाठी आधीच वर आले होते. "भले. आणि हे आतापर्यंत पोटात ठेवलंत?"

"तसं नाही साहेब," घुम्या म्हणाला. "नुसतं बोललो होतो. कापड सरकतं असलं तर..."

"घाबरायचं नाही. चुकलं तर मी आहे."

टाळ्या पडल्या. मास्तरांनी मांडीवरचा गठ्ठा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी वाजवल्या. दुपारी फळ्यावर घुम्याचा फोटो लागला. फोटोत त्याचे डोळे मिटलेले आले होते. साहेब म्हणाले, चालेल.

पुढच्या रविवारी बायकोनं ताट वाढलं, पण ती जवळच उभी राहिली.

"तो येऊन गेला. मंगळवारी अस्तराचं कापड यायचंय. म्हणाला, नव्वद थरांत अस्तर पात्याखाली सरकतं, खालचे तुकडे बोटभर लहान येतात. भाऊजींनी साहेबांना एवढं सांगावं. त्याचं तोंड उघडत नाही."

मास्तर घास चावत राहिले. "साहेबांनी किती सांगितलेत?"

"नव्वदच. तुम्हाला ठाऊक होतं ना, हे सरकतं ते?"

"पंधरा वर्षांपासून."

तिनं हातातला डाव खाली ठेवला. "त्याची पोरं," एवढंच म्हणाली.

मास्तरांनी शेजारचं रिकामं ताट तिच्याकडे सरकवलं.

"जेवून घे," ते म्हणाले.