बाईंचं समायोजन

"थांबा हं, मला समजू दे," असं म्हणून आमच्या भूगोलाच्या बाई उजवा हात वर करायच्या, रस्त्यात एसटी थांबवावी तसा. मुख्याध्यापक परिपत्रक वाचत असले तरी त्यांना थांबावं लागे. बाकीचे शिक्षक न ऐकताच सही करून मोकळे होत. बाईंना मात्र प्रत्येक शब्द समजायला हवा असे. आता सरकारी परिपत्रकातला प्रत्येक शब्द समजायचा म्हणजे काय, हे ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

मी त्या शाळेत लिपिक होतो. रत्नागिरीत, दोन हजार सालानंतरच्या चार-सहा वर्षांत. लिपिकाला शाळेत भाऊसाहेब म्हणतात, तसे मलाही म्हणत. बाई स्वतःला मंद समजायच्या. मला वाटतं, आमच्यात समजून घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

त्या वर्षी सरकारी अनुदानातून शाळेला संगणक मिळणार असं परिपत्रक आलं. मुख्याध्यापक सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. "विषय शिक्षक व संगणक यांचे सुयोग्य समायोजन करण्यात यावे."

बाईंचा हात वर गेला. "थांबा हं. समायोजन? कुणाचं? माझं?"

यातली भीती शाळेबाहेरच्या माणसाला कळायची नाही. पटावरची मुलं कमी झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची दुसऱ्या शाळेत रवानगी होते. ह्या रवानगीचं सरकारी नाव समायोजन. आमच्याकडे बाप मुंबईला, मागोमाग पोरंही मुंबईला, त्यामुळे पट दरवर्षी घसरत होता. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. घरी त्या आणि आई, दोघीच. आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण त्या घरातला उंबरा न उंबरा तिला पायांनी पाठ होता. परसातल्या विहिरीपर्यंतसुद्धा ती एकटी जायची. नव्या गावात तिला भिंत धरून बसावं लागलं असतं. बाईंचा सगळा जीव त्यात अडकलेला.

"म्हणजे माझ्या जागेवर मेलं ते यंत्र येणार?" बाईंनी विचारलं.

आम्ही हसलो. मग हसू हळूहळू विरलं, कारण तसं नाही असं छातीठोकपणे सांगणारा कुणी निघेना. सरांनी शिक्षण कार्यालयाला पत्र लिहून अर्थ विचारला. उत्तर आलं, "सदर परिपत्रक स्वयंस्पष्ट आहे." त्याचाही अर्थ कुणाला विचारावा, ते कळेना.

संगणक आले. त्यांना वेगळी खोली मिळाली, पडदे मिळाले, बाहेर चपला काढायचा नियम झाला. शिपायाने नारळ फोडला आणि बाईंचा चेहरा बघून म्हणाला, "बाईनू, ह्यो काय शिकवनार? ह्याच्यावरची धूळ पन मलाच पुसायची हाय!" बाईंना तेवढाच धीर आला. तरी रोज मधल्या सुट्टीत त्या तिथे जाऊन बसत. जो आपली जागा घेणार त्याला काय काय येतं ते बघून ठेवावं, असा त्यांचा विचार. बऱ्याचदा लाईट नसे. तेव्हाही बसत.

सोबत भूगोलाची एक सीडी आली होती. तिच्यातला ज्वालामुखी पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, "आता ह्याला विचारा, संगमेश्वराला शास्त्रीला कुठली नदी मिळते?" सीडीत संगमेश्वर नव्हतंच. बाईंनी हाताने काढलेला आपला जिल्ह्याचा नकाशा आणला, तो सरळ मॉनिटरवर टांगला आणि सोनवी नदीवर पट्टी टेकवून शिकवायला लागल्या. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब दारात उभे. संगणक चालू, मुलं समोर, बाई शिकवतायत. साहेबांनी शेरा मारला, "समायोजन उत्तम."

बाईंचा जीव भांड्यात पडला. समायोजन म्हणजे एवढंच होय! त्या दिवसापासून शाळेत तो शब्द थट्टेचा झाला. डब्यातल्या घावनाचं आणि चटणीचं समायोजन, सरांच्या छत्रीचं आणि टोपीचं समायोजन. ह्यात सगळ्यांच्या पुढे बाई.

पुढल्या वर्षी जूनमध्ये एक पत्र आलं. विषय, "समायोजनाबाबत." सर बोर्डाच्या कामाला गेले होते. मी ओरडलो, "बाई, तुमच्या संगणकाचं पत्र आलंय!" बाई वर्गावर निघाल्या होत्या. हसत म्हणाल्या, "त्याला म्हणावं, नंतर ये." मी ते संगणकाच्या फायलीला लावून टाकलं. मागचं पान उलटलं नाही.

मागच्या पानावर अतिरिक्त शिक्षकांची यादी होती. तिच्यात बाईंचं नाव होतं आणि तेही चुकून. मागाहून लागलेल्या एका शिक्षकाला ज्येष्ठतेत त्यांच्या वर दाखवलं होतं. आठ दिवसांत एक अर्ज केला असता तर यादी दुरुस्त झाली असती. तीन आठवड्यांनी थेट आदेशच आला. मुदतीत हरकत न आल्याने बाईंची नेमणूक दापोली तालुक्यात, मुरुडच्या पलीकडच्या एका गावात. सर दोनदा कार्यालयात जाऊन हात हलवत परत आले. पहिलं पत्र कुठे गेलं, असं त्यांनी मला विचारलं.

"पोस्टात गहाळ झालं असेल," मी म्हणालो. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

आईला घेऊन निघायच्या आदल्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊसाहेब, आवक रजिस्टर जरा दाखवता?" नाही म्हणणार कसं? त्यांनी पान उलटलं, बोट खाली खाली नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. माझ्याच हातची ओळ. तारीख, विषय समायोजनाबाबत, फाईल संगणक. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं.

"अक्षर छान आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "तारीखसुद्धा स्वच्छ वाचता येते."

ह्या बोलण्यात राग होता की माफी, मला अजून उलगडलेलं नाही. काही असो, मी तिथल्या तिथे त्यांचे पाय धरायला हवे होते.

मी म्हणालो, "थँक्यू, बाई."