मशीन थांबल्यावर

एमआरआय सेंटरच्या बाकावर नारपोलीच्या यंत्रमाग वस्तीतली एक बाई लेकीच्या हातावरचे तपकिरी डाग पदराने झाकत होती. तसेच डाग तिच्या स्वतःच्या मानेवर होते, ते मात्र उघडेच. डागांच्या या आनुवंशिक आजारात डोक्यात गाठी होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी त्रास होण्याआधीच तपासायला सांगितलेलं. काउंटरवरचा माणूस तिला दुसऱ्यांदा परत पाठवत होता. "मशीनच्या आवाजाला पोरगी घाबरेल, हलेल. त्रास झाला की आणा."

म्हणजे गाठ वाढेपर्यंत थांबायचं? मी बाजूलाच माझ्या नंबरची वाट बघत होतो; माझं डोकं सटकलं, मी भांडलो.

बाई एवढंच म्हणाली, "चालू पावरलूमच्या बाजूला झोपते ती. हलनार न्हाय."

शेवटी घेतलं आत. काचेतून पाहिलं, तर त्या खडखडाटात पोरगी गाढ झोपलेली. मशीन थांबलं तशी दचकून उठली. दार उघडताच तिने विचारलं, "आई, लाईट गेली?"