‘ठेवून घेतील का?’

माझ्या ओळखपत्रावर ‘पीअर सपोर्ट वर्कर’ असं छापलंय. नातेवाइकांना मी त्याचा अर्थ सोपा करून सांगते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, समुपदेशकही नाही. मी स्वतः वेडी झालेली आणि बरी होऊन परत आलेली बाई आहे, आणि आता जे त्या वाटेवर आहेत त्यांच्यासोबत बसणं हे माझं काम. ‘वेडी’ म्हटलं की समोरचे दचकतात. आमच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनाही तो शब्द चालत नाही. पण आजार माझा होता, तेव्हा शब्दही मीच निवडणार.

मला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं ते दर्शनाला म्हणून. थोरला भाऊ म्हणाला, "चल, खुलताबादला मारुतीला जाऊन येऊ." मी चांगली साडी नेसले, नारळ घेतला. गाडी भलत्याच रस्त्याला वळली तेव्हा विचारलं, तर म्हणाला, शॉर्टकट आहे. पुढे दोन महिने मी वॉर्डात होते. त्यातले पहिले कितीतरी दिवस मी गोळ्या थुंकून टाकल्या, त्या आजारामुळे कमी आणि त्या नारळामुळे जास्त. भाऊ चांगला आहे माझा, भाऊबीजेला ओवाळते त्याला. पण आजही त्याच्या गाडीत बसले की माझे डोळे रस्त्यावरच असतात.

म्हणून या कामाला लागले तेव्हा एकच नियम केला : आजारी माणसाशी खोटं बोलायचं नाही. नातेवाईक गयावया करतात. "मामाकडं चाललो म्हणा, लग्नाला चाललो म्हणा, तुमचं ऐकंल ती." मी दाद देत नाही. नव्याने कामाला लागणाऱ्यांपुढे या विषयावर माझं एक भाषणही असायचं, नारळासकट. लोक डोळे पुसायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी पुंडलिकनगरातून फोन आला. तिथं एक तिशीतली बाई भाऊ-भावजयीजवळ राहायची. घरात बसून ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. तिला कानात आवाज ऐकू यायचे, आणि गेले दोन महिने पाण्यात कुणी काही टाकतं असंही ती म्हणत होती. दीड वर्ष मी दर बुधवारी तिच्याकडे जात होते. तिचा कुणावरच भरवसा नव्हता, डॉक्टरांवर नाही, शेजाऱ्यांवर नाही, देवावरही नाही, माझ्यावर होता. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

फोनवर तिचा भाऊ होता. गुलमंडीत कापडाच्या दुकानात नोकरीला असलेला मवाळ माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला.

"ताई, दार लावून बसलीय ती. काल सकाळपासून पाण्याचा थेंब नाय घेतला. पाण्यात काहीतरी टाकायलेत म्हणायली. म्या दुकानातली दोन माणसं बोलावलीत. दार तोडतो अन् उचलून नेतो."

"मी पोचेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं, आणि रिक्षा पकडली.

रिक्षातूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एवढ्या उन्हात दीड दिवस पाणी नाही म्हणजे वेळ घालवू नकोस, मूत्रपिंडावर जाईल, जीवावर बेतेल. सलाईन लावावं लागेल. आणि इतकं बिघडलंय तर भरती करावंच लागेल, दोन आठवडे तरी. "नक्की?" मी विचारलं. "नक्की," त्या म्हणाल्या. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मागाहून ‘मला कुठं ठाऊक होतं’ म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

घरात शिरले तर जिन्याच्या पायरीवर दोन माणसं बसलेली, एकाच्या मांडीवर पहार. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. भाऊ बोळात येरझाऱ्या घालत होता. बोळाच्या टोकाला तिची खोली. दार आतून बंद, शेजारी गजांची छोटी खिडकी, तिला आतून पडदा. त्या खोलीत शिलाईचं मशीन होतं, म्हणजे कात्रीही होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

मी दाराशी फरशीवर बसकण मारली. "मी आलेय गं."

उत्तर यायला इतका वेळ लागला की मी दोनदा भावाकडे पाहिलं. मग आवाज आला, कोरडा, शब्द एकमेकांना चिकटलेले. "ताई, पाण्यात टाकती वहिनी."

"काय टाकते?"

"काय की. चव नाय, वास नाय. पण पाणी पेलं की जीभ जड व्हती. मान आखडती. मला कळतं."

भाऊ माझ्याकडे पाहून मान हलवत होता : बघा, ऐकताय ना. मीही क्षणभर त्याच्याच बाजूची झाले. पाण्यात विष, जेवणात विष, हे आमच्या लोकांमध्ये इतकं नेहमीचं की त्यावर कुणी थांबत नाही. पण ‘जीभ जड’ हे शब्द डोक्यातून जाईनात. मला भासांनी पुष्कळ छळलंय, पण भासाने माझी जीभ कधी जड झाली नाही. जीभ जड झाली होती ती औषधाने. मानही औषधानेच आखडली होती. हे डॉक्टरला पुस्तकात सापडतं, मला आठवतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. "वहिनी, तिच्या पाण्यात काय घालता?"

 तिची नजर साखरेच्या डब्याकडे गेली. डब्यामागे छोटी बाटली होती, थेंब टाकायच्या नळीची.

"गोळ्या घेईनात त्या," ती म्हणाली. "ह्यांनी ओळखीच्या मेडिकलातून आणलं. दहाच थेंब टाकायचे व्हते. कधी दहा, कधी जास्तीबी पडले असतील. त्यांच्या भल्यासाठीच केलं, ताई."

माझं डोकं फिरलं. दोन महिने आम्ही सगळे, मीसुद्धा, त्या बाईला समजावत होतो की पाण्यात काही नसतं, हा आजार बोलतोय. ती एकटी खरं बोलत होती. आणि आता ती त्या खऱ्यापायी तहानेने मरायला टेकली होती.

बाटली भावाच्या नाकासमोर धरली. "जा, दाराशी जाऊन सांगा तिला."

"आता कामून सांगायचं? सांगितलं तर आमच्या हातचं कधीच खाणार नाय ती."

"नाही सांगितलं तर खायला उरणारच नाही."

तो उभा राहिला. घाम पुसला. बहिणीची बाजू घ्यावी की बायकोची, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग दाराला कपाळ टेकवून म्हणाला, "माझं ऐक. पाण्यात औषध व्हतं. म्या आणलं, म्याच टाकायला लावलं. वहिनीचा दोष नाय. तू खरं बोलत व्हतीस."

आत काहीतरी जोरात आपटलं. पहारवाला उठून उभा राहिला, मी हाताच्या खुणेने त्याला खाली बसवलं. मग रडणं ऐकू आलं, पण ओलं नव्हे, नुसता घसा. मला वाटलं, आता कडी निघेल. नाही निघाली. पडदा बाजूला झाला आणि गजांमागे तिचं तोंड दिसलं. ओठ पांढरे पडून फुटलेले, डोळे आत गेलेले. तिने दोन्ही हातांनी गज धरले होते, आणि एक हात सारखा निसटत होता.

मी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली घेतली होती. तिच्यासमोर सील तोडलं, दोन घोट प्याले, बाटली गजांतून पुढे केली. तिने घेतली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"ताई, आता तुमी सांगा. दवाखान्यात नेणार ना?"

"हो."

"सुई टोचतील?"

"हो. सलाईन लावतील. दुखेल थोडं."

मला बरं वाटलं. नियम पाळला जात होता. पाठीमागे भाऊ श्वास रोखून उभा होता आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, बघ, असं बोलायचं असतं.

"ठेवून घेतील का?"

तिचा दुसरा हातही गजावरून सुटला आणि तिने परत धरला. मागे पहार फरशीला लागल्याचा आवाज झाला. मला दिसत होतं की ‘हो’ म्हटलं तर पडदा पडेल, आणि पडदा पडला की ही माणसं दार फोडतील, आणि आत कात्री आहे. हे सगळं खरं होतं. पण आणखी एक गोष्ट खरी होती आणि ती मी फार उशिरा कबूल केली : तिने दार माझ्यासाठी उघडावं, पहारीसाठी नव्हे, अशी माझी इच्छा होती.

"नाही," मी म्हटलं. "संध्याकाळी मी स्वतः तुला घरी आणून सोडीन."

कडी निघाली.

ती बाहेर आली, माझ्या खांद्याला धरून उभी राहिली, आणि माझ्या हातातल्या बाटलीतून पाणी प्यायली. भावाकडे, वहिनीकडे तिने पाहिलं नाही. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटले. आपण कुठल्या रस्त्याने चाललोय हे तिने एकदाही पाहिलं नाही. मी पाहत होते. दवाखाना लांब असावा, अजून लांब असावा, असं मला वाटत होतं.

सलाईन लागलं. दुसरं लागलं. उन्हं उतरली तशी ती उठून बसली, केस सारखे केले आणि म्हणाली, "निघायचं?" तेवढ्यात डॉक्टरीणबाई भरतीचे कागद घेऊन आल्या. तिने कागद पाहिले, मग मला.

"ताई?"

"डॉक्टर म्हणतायत की..." मी सुरुवात केली. म्हणजे जणू मलाही आत्ताच कळत होतं. दारातलं खोटं किमान तिच्या जीवासाठी होतं असं म्हणता येईल. हे दुसरं निव्वळ माझी लाज राखण्यासाठी होतं. ती भिंतीकडे वळून झोपली. मी खाली येऊन रिक्षा स्टँडवर उभी राहिले आणि मला माझीच किळस आली.

तब्येत सुधारली तिची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. भाऊ पेढे घेऊन केंद्रात आला आणि वाकून पाया पडला. बैठकीत मला विचारलं, दार कसं उघडून घेतलंत, सगळ्यांना सांगा. मी बाटलीची गोष्ट सांगितली, भावाला खरं बोलायला लावलं ते सांगितलं, आणि तिथंच थांबले. टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एरवी ही म्हण मी दुसऱ्यांवर फेकते.

ती घरी आल्यावर महिन्याभराने मी तिच्याकडे गेले, हातात एक छापील कागद घेऊन. आमच्याकडे माणूस सावरला की त्याच्याकडून हा कागद भरून घेतात. पुन्हा बिघडलं तर काय करायचं, कुठलं औषध मानवतं, कुणाला बोलवायचं, कुणाला बोलवायचं नाही. त्याच्या शब्दांत, त्याच्या अक्षरात. सोबत आमच्यापैकी कुणीतरी बसतं आणि शेवटी साक्षीदार म्हणून सही करतं.

ती मशीनपाशी बसली होती. चहा झाला. कागद पुढे करण्याआधी मी बोलून टाकलं. "त्या दिवशी मी खोटं बोलले. ठेवून घेणार हे मला आधीच माहीत होतं."

"व्हय. कळलं मला वॉर्डात."

"वेळच तशी होती गं. तू मेली असतीस."

तिने सुईत दोरा ओवला. रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"नसते मेले," ती म्हणाली. "दादानं दार तोडलं असतं. उचलून नेलं असतं. म्या लई शिव्या दिल्या असत्या. पण वाचलेच असते की. अन् तुमी राहिला असता मला."

 तिने कागद ओढून घेतला आणि लिहायला लागली. सावकाश, ओळीवर ओळ. कुणाला बोलवायचं, तिथं तिने भावाचं नाव लिहिलं. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं, कारण मान वर न करता ती म्हणाली, "त्यानं टाकलं खरं पाण्यात. पण इचारल्यावर दाराशी येऊन सांगितलं."

त्याखालच्या रकान्यात, कुणाला बोलवायचं नाही तिथं, तिने माझं नाव लिहिलं. आडनावासकट, काना-मात्रा नीट पाहून.

"बुधवारी येत जा, ताई," ती म्हणाली. "चहा पेऊ. बोलू. तुमच्याशी बोललं की बरं वाटतं मला. पण दार लावलेलं असलं की तुमी येऊ नका."

"बरं," मी म्हटलं.

तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन दिलं. तळाशी साक्षीदाराची जागा रिकामी होती. वर लिहिलेलं सर्व मी वाचलं असून ते या व्यक्तीने स्वखुशीने लिहिलं आहे, असं तिथं छापलेलं असतं. मी ते पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. मग सही केली.